‘काळ आला होता’ म्हणण्यापूर्वी
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला शिक्षण या विषयावर बोलण्याची विनंती केली होती. त्यांच्या परवानगीने मी विषय बदलला आहे. मी मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो. ऊसपट्ट्यातल्या खेड्यांतून माझ्याकडे ज्या भगिनी येतात, त्यांतल्या बऱ्याचजणी तीस-पस्तीस वर्षांच्या असतात. बरोबर सासरा किंवा भाऊ असतो, हातात कागदांची पिशवी असते, आणि पहिले वाक्य ठरलेले असते: “साहेब, त्यांचा काळच आला होता.”

दुःखात माणूस असे बोलतो, त्याला नावे ठेवू नयेत. परंतु सारी वस्तीच तसे म्हणू लागली, की कोणी कारण विचारत नाही. कारणाशिवाय कार्य नाही हे शिकलेल्या समाजाला हे शोभत नाही, असे माझे नम्र मत आहे.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी महाराष्ट्रातली १५,२२४, म्हणजे रोज एकेचाळीसच्या वर. देशातले सुमारे दोन तृतीयांश मृत्यू ग्रामीण भागात झाले. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. ते योग्यच होते. पण रोजचे एकेचाळीस हे बहुधा एकेकटे जातात, आणि त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

आपल्या भागातले एक कारण तर प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर बाहेर आलेला ऊस, मागे दिवा नाही. टायर फुटले की ट्रॉली रस्त्यातच उभी, आणि खूण म्हणून चार दगड. काम झाल्यावर माणसे निघून जातात, दगड मात्र तिथेच राहतात! आता विद्यार्थी मित्रांनी एक हिशेब करावा. दुचाकी ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. समोर काही दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद जातो, तेवढ्यात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागून थांबायला आणखी साधारण १० मीटर. एकूण २१. आता वेग ८० धरा. सेकंदाचे २२ मीटर आणि ब्रेकचे सुमारे ४१, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. एकूण ६३ मीटर. दुचाकीच्या दिव्याचा खालचा झोत धड तीस-चाळीस मीटर पडतो. म्हणजे काळी ट्रॉली दिसेल त्या क्षणी निकाल लागलेला असतो. चालक कितीही तरबेज असो. हा हिशेबसुद्धा कोरड्या रस्त्याचा आणि दक्ष माणसाचा आहे. समोरून कोणी प्रखर झोत टाकत येत असेल तर विचारूच नका.

ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर असावा असा नियम आहे. रिफ्लेक्टरची पट्टी काही शे रुपयांची असते. कारखान्याच्या गेटवर वजनाआधी ती पाहिली, तर एकही ट्रॉली तिच्याशिवाय रस्त्यावर येणार नाही. ही मागणी ग्रामसभेत ठराव करून कारखान्याकडे करता येते. ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांचेही तेच. त्या गाड्यांवर पहाटे झोपलेली माणसे ऊसतोड कामगार असतात, आपलीच माणसे असतात, हेही विसरू नये.

हेल्मेटविषयी फार बोलत नाही. २०२२ साली हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशात मेले. त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. “गावातल्या गावात कशाला?” असे विचारणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की डोके गावातही तेच असते. हेल्मेट घेताना आय.एस.आय.ची खूण पाहावी. आणि भगिनींनो, मागे बसताना पदर-ओढणी आवरून बसा. चाकाला जाळी लावण्याचा नियम आहे, तरी ती काढून टाकण्याची आपल्याकडे फॅशन आहे.

पालकांनाही सांगतो. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून अपघात केला, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दोषी पालक किंवा गाडीमालक धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

आता एक अप्रिय गोष्ट. लग्नाचे वऱ्हाड असो, यात्रा असो की आपला मेळावा असो, आपण टेम्पोत, ट्रॉलीत उभे राहून जातो. एस.टी. परवडत नाही किंवा वेळेवर येत नाही, हे मी जाणतो. पण मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. अशी गाडी उलटली तर दावा उरतो तो मालकावर. मालक बहुतेक गावातलाच, दोन एकरवाला. त्याच्याकडून वसूल काय करणार? अशा प्रकरणात निकाल बाजूने लागूनही रिकाम्या हाताने परतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. म्हणून पुढच्या मेळाव्याला संस्थेने वर्गणी काढून बस ठरवावी, ही माझी विनंती कार्यकारिणीने इतिवृत्तात नोंदवावी.

अपघात घडलाच तर काय करावे? प्रथम १०८ ला फोन. “पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार” म्हणून माणसे बाजूने निघून जातात. कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले आणि २०२० मध्ये त्याचे नियम झाले. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. जखमीला दवाखान्यात पोचवा आणि हवे तर निघून जा. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता होतात. योजनेतल्या रुग्णालयात तसे ठामपणे सांगावे.

मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाला नकार देऊ नका. घाईने अंत्यसंस्कार उरकले की पुरावा गेला. प्रथम खबर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीचा क्रमांक आणि विम्याचा कागद यांच्या प्रती मागून घ्या. दावा सहा महिन्यांत दाखल करावा अशी तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी त्या भरवशावर बसू नका. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडली नाही, तरीही कुटुंबाला हक्क आहे. मृत्यूसाठी दोन लाख, गंभीर जखमेसाठी पन्नास हजार. अपघात जिथे झाला तिथल्या प्रांत किंवा तहसीलदारांकडे अर्ज करायचा. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकांना ही योजना ठाऊकच नसते, आणि वर्ष-दीड वर्ष तसेच गेलेले असते.

त्या अर्जाचे पंचवीस कोरे नमुने मी बरोबर आणले आहेत. ते चिटणीसांकडे ठेवतो. भरताना अडचण आली तर दहावी-बारावीच्या मुलांनी शेजाऱ्याला मदत करावी. रकाने सोपे आहेत. वेळ बराच झाला, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. एवढे बोलून थांबतो.

जयभीम!