काळा कपडा घेताना

“काळा नको गं बाई, दुसरा कुठलाही रंग घे.” कापडाच्या दुकानात हे वाक्य ज्याने कधी ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळाच. आज मला आपल्याशी याच काळ्या रंगाविषयी बोलायचे आहे, आणि तो रंग अंगावर मिरवणाऱ्या एका पेहरावाविषयी. त्याला गॉथिक पेहराव म्हणतात. तरुण मंडळी नुसते ‘गॉथ’ म्हणतात. पायघोळ काळा झगा, जाळीच्या किंवा मखमलीच्या बाह्या, पाठीमागे नाडीने आवळलेली चोळी, गळ्यात रुपेरी साखळ्या, पायांत जाड तळाचे बूट आणि डोळ्यांत भरपूर काजळ. मीरा रोडच्या फलाटावर अशी एखादी मुलगी चर्चगेटच्या गाडीची वाट पाहत उभी राहिली, तर चार बायका एकमेकींकडे पाहणारच. आता असे समजा की ती मुलगी तुमच्याच घरातली आहे, आणि येत्या रविवारी तिला तुमच्याबरोबर दुकानात जायचे आहे. मग काय कराल?

आधी हा शब्द आला कुठून ते पाहू. गॉथ ही युरोपातली एक जुनी जमात. इ. स. ४१० मध्ये तिच्यातल्या एका शाखेने रोम शहर लुटले. पुढे कित्येक शतकांनी इटलीतल्या पंडितांनी मध्ययुगातल्या टोकदार कमानींच्या इमारतींना ‘गॉथिक’ म्हटले, ते हिणवण्यासाठी. १७६४ साली होरेस वॉल्पोल या इंग्रज लेखकाने एका जुन्या किल्ल्यातली भयकथा लिहिली, आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असे छापले. तेव्हापासून पडके वाडे, वटवाघळे, चांदणी रात्र हे सारे या शब्दाला चिकटले. ज्यांनी नारायण धारपांची पुस्तके रात्री पांघरुणात शिरून वाचली आहेत, त्यांना या गोडीविषयी वेगळे सांगायला नको.

कपड्यांची तऱ्हा आली ती थोडी राणी व्हिक्टोरियाकडून. १८६१ साली तिचा नवरा वारला, आणि १९०१ साली स्वतः डोळे मिटेपर्यंत तिने काळा वेष सोडला नाही. पुढे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या काही वाद्यवृंदांनी आणि त्यांच्या चाहत्यांनी हा जुना काळा वेष पुन्हा अंगावर चढवला. १९८२ साली लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा, या नावाचा क्लब निघाला, आणि पेहराव जगभर पसरला.

कुणी म्हणेल, हे परदेशी थेर आपल्याकडे कशाला? अहो, मीरा रोडहून गाडी धरा आणि चर्चगेटला उतरा. ओव्हल मैदानाच्या कडेला १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर उभा आहे, शेजारी उच्च न्यायालय आहे. पुढे बोरीबंदरला जा. १८८८ साली बांधून झालेले ते स्टेशनही याच घराण्यातले. २०१८ साली युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या गॉथिक इमारतींना जागतिक वारशात स्थान दिले. म्हणजे इमारत गॉथिक असली तर तिचा अभिमान, आणि पोरगी गॉथिक झाली तर कपाळाला आठी! बरे, त्याच न्यायालयात भर मे महिन्यात काळे कोट घालून वकील मंडळी हिंडतात, त्यांना कुणी अशुभ म्हणत नाही.

आणि आपला स्वतःचा काळा रंग? मंगळसूत्राचे मणी काळे. तान्ह्या बाळाच्या गालावरची तीट काळी. धनगराच्या खांद्यावरची घोंगडी काळी. सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने घ्यायची, तिच्यावर हलव्याचे पांढरे दागिने घालायचे. नातवाच्या बोरन्हाणाला काळे झबले शिवायचे. ज्या घरात हे सारे चालते त्याच घरात लेकीच्या काळ्या झग्यावरून दोन दिवस अबोला असतो. तेव्हा रंगाच्या शुभाशुभाचा प्रश्न आपल्याच वाडवडिलांनी बराचसा सोडवून ठेवला आहे. उरतो प्रश्न कापडाचा आणि शिवणीचा, आणि तो मात्र पैशाचा आहे.

असे कपडे घ्यायचे तर मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि मागे मशीन चालते, असे लहान दुकान शोधावे. तिथे प्रश्न विचारता येतो, बाही आखूड करून मागता येते. तयार कपडा मनासारखा मिळाला नाही, तर कापड घेऊन शिवून घ्यावा. या बाबतीत मीरा रोडकरांच्या हाताशी एक मोठी सोय आहे. नया नगरात बुरखे आणि अबाया विकणारी, शिवून देणारी दुकाने आहेत. कुठले काळे कापड अंगावर चांगले पडते, कुठले उन्हात तांबूस होते, कुठल्याचा घेर हवेत फुलतो, हे ज्यांचा रोजचा व्यवहारच काळ्या कापडाचा आहे त्यांना विचारावे. मुलीने चित्र काढून न्यावे आणि म्हणावे, “मास्टर, असा झगा हवा.” दोघांचा धर्म, दोघांचे कारण वेगळे असेल; पण चांगल्या काळ्या कापडाची पारख दोघांनाही लागतेच.

आता ही पारख कशी करायची? पहिली गोष्ट, कापड दुकानाबाहेर उजेडात धरून पाहा. दिव्याखाली सारे काळे सारखेच दिसतात. उन्हात एक निळसर निघते, दुसरे तांबडे. झगा आणि ओढणी वेगवेगळ्या ताग्यांतली असतील तर दोन्ही शेजारी धरून पाहाच. दुसरी गोष्ट, पांढरा रुमाल थोडा ओला करून कापडावर दहा-बारा वेळा घासा. रुमाल काळा झाला तर घामाने अंगही काळे होईल. तिसरी, सुती कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ताणून पाहा. स्वस्त काळ्या सुताला पुष्कळदा गंधकाचे रंग देतात. ते नीट धुतले गेले नाहीत, तर दमट हवेत पडून राहिल्यावर त्यात आम्ल तयार होऊन धागा कुजतो. चौथी, कपडा उलटा करा. शिवणीच्या आत बोटभर कापड राखले आहे का, अस्तर कुठे ओढ घेत नाही ना, हे पाहा.

मीरा रोड खाडीकाठचे, हवा दमट. नकली चामड्याचा कोट इथे दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे टाकू लागतो. स्वस्त धातूच्या साखळीत निकेल असले, तर काहींच्या मानेला खाज सुटून पुरळ उठते. कृत्रिम धाग्याची मखमल जानेवारीत ठीक, मे महिन्यात शिक्षा. काळ्याने उकडते हे खरे, पण त्यातही सैल कपड्याचे गणित निराळे आहे. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात आला होता. सैल झगा काळा असो वा पांढरा, अंगाला पोचणारी उष्णता सारखीच भरली. आपल्याकडे वाळवंटाची कोरडी हवा नाही, तेव्हा सैल घ्या आणि सुतीही घ्या. घरी आणल्यावर कपडा उलटा करून गार पाण्यात वेगळा धुवा, सावलीत वाळवा.

भावाविषयी एक शब्द. जाळीची बाही आणि लेसची किनार बसवायला हात बराच वेळ अडकतो. लहान दुकानदाराशी अर्ध्यावर घासाघीस करू नये; त्यापेक्षा एकदा मोफत दुरुस्ती मागावी.

शेवटी एक गंभीर गोष्ट. २००७ साली इंग्लंडमध्ये लँकेशायर परगण्यात सोफी लँकेस्टर नावाची २० वर्षांची मुलगी रात्री एका बागेतून चालली होती. तिचा आणि तिच्या मित्राचा पेहराव असाच होता. एवढ्याच कारणावरून काही पोरांनी दोघांना मारहाण केली. ती त्यात दगावली. २०१३ पासून मँचेस्टर परिसराचे पोलीस असल्या हल्ल्यांची नोंद द्वेषाचा गुन्हा म्हणून करू लागले. कपड्यावरून हसणे आणि हात उचलणे यांत फार अंतर आहे, हे मला मान्य आहे. पण पहिले हसू घरातूनच सुरू झाले, तर पोरीने बाहेर कुणाच्या आधारावर उभे राहायचे?

तेव्हा रविवारी तिच्याबरोबर जा. रंग तिला निवडू द्या. कापड मात्र तुम्ही हातात घेऊन पाहा, कारण ती पारख तुम्हाला आहे आणि तिला अजून यायची आहे. आणि हो, पांढरा रुमाल बरोबर न्यायला विसरू नका.