घाटघरचं पाणी आणि आखातातलं तेल



पावसानं जोर धरला की राजूर-भंडारदऱ्याच्या पट्ट्यात भाताची खाचरं चिखलायला लोक उतरतात. पूर्वी हे काम डांगी बैल करायचे. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन आजही भरतं, पण खाचरांत आता ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरही फिरतात. म्हणजे आवणी वेळेवर होणं डिझेलवर आलं, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. घरातल्या सिलिंडरचा गॅसही निम्म्याहून अधिक परदेशीच.

1973 साली अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पुढच्याच वर्षी बॉम्बे हायला तेल लागलं. आधार मोठा होता, पण गरज त्याहून वेगानं वाढली. आता विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथं खडकात गुहा कोरून 53 लाख टन कच्चं तेल ठेवायची सोय आहे. त्या काठोकाठ भरल्या तरी देशाला जेमतेम साडेनऊ दिवस पुरतील. तेल कंपन्यांचा साठा वेगळा.

आपल्या उशाला भंडारदरा आहे, वीज तयार होते, मग आपल्याला काय चिंता, असं अनेकांना वाटतं. इथंच गफलत होते. आपल्याकडे तेलापासून वीज जवळजवळ बनतच नाही, ती मुख्यतः कोळशावर बनते. त्यामुळे धरणावर वीज वाढली म्हणून तेलाची आयात आपोआप घटत नाही. पंप, रिक्षा, एसटी, स्वयंपाक ही कामं विजेवर गेली तरच ती घटेल. आता ऊन असेपर्यंत सौर वीज मुबलक, पण दिवेलागणीला मागणी वाढते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. तेव्हा वीज साठवायची कुठं?

याचं उत्तर भंडारदऱ्याच्या पुढे घाटघरला आहे. वर प्रवरेवर एक जलाशय, खाली कोकणात शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा, आणि मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर. तिथं 125 मेगावॉटचे दोन संच 2008 पासून आहेत. मागणी कमी असताना खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. संच तेच, फक्त उलटे फिरतात. अशा प्रकल्पात साधारण चार युनिट घालून तीन परत मिळतात. हा तोटा मला रास्त वाटतो, कारण भर दुपारी नको असलेली वीज ऐन गरजेच्या वेळी हाती येते आणि त्यासाठी आखातातलं जहाज लागत नाही. सह्याद्रीच्या कड्यांवर असे प्रकल्प आणखी व्हावेत, मात्र तिथल्या आदिवासी गावांना आधी विचारून.

शेतकरी मित्रांनो, डिझेल इंजिन बदलायची वेळ आली असेल, तर नवं घेण्याआधी महावितरणच्या कार्यालयात सौर कृषिपंपाची चौकशी अवश्य करा.