अंगठा गेला, कागद कुठे आहे?



काही वर्षांपूर्वी एक तरुण माझ्याकडे सल्ल्यासाठी आला. वय तीस. पॉवर प्रेसवर काम करताना उजव्या हाताचा अंगठा गेलेला. म्हणाला, "साहेब, मालकांनी दवाखान्याचं बिल भरलं, वर दहा हजार दिले. देवमाणूस आहे. पण आता कामावर येऊ नको म्हणतात."

मी कागद मागितले. केसपेपरवर लिहिले होते, 'घरी दारात सापडून इजा'. हे कोणी सांगितले, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सोबत आलेल्या सुपरवायझरनं. मी तर शुद्धीवर नव्हतो." दहा हजार घेताना एका कागदावर सहीही झाली होती. 'माझी काही तक्रार नाही.'

श्रोतेहो, अंगठा मशीनमध्ये गेला होता आणि हक्क कागदावर चालला होता.

कामावर जखमी झालेल्या माणसाला भरपाई देण्याचा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. भरपाईची मूळ तत्त्वे मात्र या संहितेच्या सातव्या प्रकरणात कायम आहेत.

पहिले तत्त्व असे, की काम करताना आणि कामामुळे अपघात झाला, तर भरपाई मालकाने द्यायची. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "तुझंच लक्ष नव्हतं," असे म्हणून कोणाला हात झटकता येत नाहीत. दारू पिऊन काम करणे, सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणे, मशीनचा गार्ड मुद्दाम काढणे, असे मोजके अपवाद आहेत. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हे अपवादही आड येत नाहीत.

भरपाई किती, याचाही हिशेब ठरलेला आहे. त्या तरुणाचाच हिशेब आज मांडायचा, तर पगार महिना १२,००० रुपये धरू. त्याचे ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला असतो. तिशीच्या माणसाला तो २०७.९८ आहे. गुणाकार होतो १४,९७,४५६ रुपये. ही झाली कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के गेली, असे कायद्याचा तक्ता सांगतो. म्हणजे सुमारे साडेचार लाख रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. आणि हातात पडले होते दहा हजार!

ही रक्कम महिन्याच्या आत दिली नाही, तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज लागते. विनाकारण टाळाटाळ झाली, तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो. हक्क सोडून दिल्याचा कागद करून घेतला, तरी तो करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम परस्पर घरच्यांच्या हाती ठेवून मालक मोकळा होत नाही. ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते.

कामगार ठेकेदाराचा असला, तरी ज्याच्या कामासाठी तो राबत होता, त्या मुख्य मालकाकडे भरपाई मागता येते. ईएसआयचा विमा असेल, तर दावा मालकावर न करता ईएसआयकडे करायचा. अपघात नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाला, तरी तिथला लाभ मिळतो.

कामावर जाताना वाटेत अपघात झाला तर? मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. आयुक्तांनी २००९ मध्ये भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ती पुन्हा बहाल केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर ही वाटही कामाचाच भाग, असा त्याचा अर्थ. नव्या संहितेतही हे आले आहे. पण त्या कुटुंबाची बावीस वर्षे गेली, हे विसरू नका.

म्हणून अपघाताच्या दिवशीच काही गोष्टी करा. दवाखान्यात 'कामावर, मशीनवर अपघात' असे स्वतः सांगा, किंवा घरच्या माणसाला सांगायला लावा. केसपेपरची झेरॉक्स जवळ ठेवा. मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. पगाराची पावती, हजेरीकार्ड, बँकेचे पासबुक जपा. त्या वेळी जवळ असलेल्या दोघांची नावे लिहून ठेवा. न वाचता सही करू नका. दाव्याला मुदत असते, तेव्हा 'बघू पुढे' म्हणत बसू नका. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चौकशी करा. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळू शकतो.

त्या तरुणाचा दावा आम्ही दाखल केला. केसपेपर विरुद्ध होता. शेजारच्या मशीनवरचा सोबती साक्षीला उभा राहिला, म्हणून भरपाई मिळाली. त्या सोबत्याला मात्र पुढच्या महिन्यात कामावरून कमी केले.

दवाखान्यात त्या दिवशी एक ओळ खरी लिहिली गेली असती, तर या दुसऱ्या माणसाची भाकरी गेली नसती. आपल्या घरातले कोणी कारखान्यात, बांधकामावर, गाडीवर जात असेल, तर आज जेवताना एवढे त्याला जरूर सांगा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)