जुन्या मिनीव्हॅनचे गिअर-दुखणे आणि त्याचे निदान

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विषयाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. संमेलनात शिक्षणनिधी, वधूवरसूचन अशा विषयांवर बोलावे हा आपला परिपाठ. परंतु आज आपल्या ज्ञातीतील पुष्कळ घरांतील मुले-मुली अमेरिकेत आहेत. शिक्षणास गेलेले तिघे-चौघे विद्यार्थी पैसे एकत्र करून जुनी मिनीव्हॅन घेतात. सात माणसे सामानासह तीत मावतात, आणि जुनी म्हणून ती स्वस्त मिळते. अशा गाडीचा गिअर बिघडला की एखादा गॅरेजवाला सांगतो, संपूर्ण गिअरबॉक्स बदला. तो खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीहूनही अधिक असतो. मग अवेळी येथे आईबापांचा फोन वाजतो, आणि मुलाच्या सत्राच्या फीसाठी ठेवलेला पैसा गाडीत जाण्याची वेळ येते.

या गाडीला क्लचचे पेडल नसते. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचे तेलाने भरलेले बंद भांडे असते. त्यात एका बाजूची पाती तेल फेकतात व त्या माऱ्याने दुसऱ्या बाजूची पाती फिरतात. आतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जातात त्याही तेलाच्याच दाबाने. ही कल्पना नवी नव्हे. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक १९३९ सालीच बाहेर आली होती. पुढे गिअर केव्हा बदलावा हे ठरविण्याचे काम विजेच्या यंत्रणेकडे आले. क्रायस्लरच्या मिनीव्हॅनमध्ये १९८९ साली आलेला चार गतींचा गिअरबॉक्स हा या जातीच्या आरंभीच्या गिअरबॉक्सांपैकी एक होय. तात्पर्य, दोष तेलात असेल, तारा व सेन्सर यांत असेल, नाहीतर खुद्द चकत्यांत असेल. पहिल्या दोहोंचा खर्च बहुधा थोडा, तिसऱ्याचा फार. म्हणून पहिली दोन कारणे तपासल्याखेरीज तिसरे मान्य करू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

आपल्या वैद्यांची दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा येथेही उपयोगी पडते. प्रथम प्रश्न. गाडी थंड असता त्रास देते की तापल्यावर? इंजिन नुसतेच गुरगुरते आणि वेग वाढत नाही, की गिअर बदलताना धक्का बसतो? दांडा ‘डी’वर घेतल्यावर गाडी क्षणभर थबकून मग निघते काय? नुकतीच बॅटरी काढली होती काय? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल; पण कित्येक गाड्यांतील नियंत्रक गिअर बदलण्याची रीत अनुभवाने शिकत असतो. बॅटरी काढली की काहींची ती शिकवणी पुसली जाते, व गाडी काही दिवस धसमुसळेपणाने चालते. विद्यार्थ्यांचेही सुटीनंतर असेच होते.

दर्शनात मुख्य तेल. ते कसे तपासावे याचा नियम प्रत्येक गाडीचा निराळा : क्रायस्लरच्या डिपस्टिक असलेल्या जुन्या गाड्यांत गाडी तापवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, होंडा ओडिसीत इंजिन बंद केल्यावर लगेच. पुस्तिका पाहावी. चांगले तेल तांबडे व पारदर्शक असते. काळपट होऊन करपट वास येत असेल तर चकत्या जळू लागल्या असे समजावे. दुधाळ गुलाबी दिसले तर रेडिएटरमधले पाणी तेलात मिसळले आहे. अशी गाडी चालवूच नये. तेल कमी असेल तर नुसते भरून भागत नाही, ते कोठून गळते हे शोधले पाहिजे. तेलाची जातही महत्त्वाची. क्रायस्लरच्या त्या गिअरबॉक्सला एटीएफ प्लस फोर लागते; त्यात डेक्स्रॉन ओतले तर गाडी थरथरू लागते, आणि मग निर्दोष गिअरबॉक्सवर आळ येतो. दुकानात ही सारी तेले एकाच फळीवर मांडलेली असतात.

स्पर्शन म्हणजे चालवून पाहणे. मध्यम वेगात, पाय स्थिर असता, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचचा संशय घ्यावा. पण इंजिनचा एखादा स्पार्क प्लग नीट पेटत नसला तरी अशीच थरथर होते, म्हणून आधी प्लग पाहावेत. गिअर बदलताना नुसता ‘धप्प’ आवाज येत असेल तर इंजिनाखालचे रबरी आधार तुटलेले असू शकतात.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसली की मुले सर्वांत अधिक घाबरतात. वास्तविक हा पुष्कळदा संरक्षणाचा उपाय असतो. नियंत्रकाला काही विसंगत दिसले की तो गाडीला एकाच गिअरमध्ये, क्रायस्लरमध्ये दुसऱ्या, बांधून ठेवतो, म्हणजे सावकाश घरी तरी पोचता यावे. किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाडी काही काळ बरी चालली, तर तारा, सेन्सर व बॅटरी आधी तपासावीत. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या मोटारींत चालकासमोर खाली एक खोबण असते. तीत उपकरण लावून दोषाचा क्रमांक वाचता येतो. मात्र स्वस्त उपकरण पुष्कळदा नुसते पी ०७०० एवढेच दाखविते. त्याचा अर्थ ‘गिअरच्या नियंत्रकाकडे तक्रार नोंदली आहे’ इतकाच. तक्रार कोणती हे वाचावयास अधिक चांगले उपकरण लागते. पी ०७१५ व पी ०७२० हे गिअरबॉक्सच्या आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या दांड्यांचा वेग मोजणाऱ्या सेन्सरांचे क्रमांक.

माझ्या एका पुतण्यास एका गॅरेजने नवा गिअरबॉक्स घेण्याचा सल्ला दिला होता. दुसऱ्या ठिकाणी क्रमांक नीट वाचला, तेव्हा असाच एक सेन्सर नादुरुस्त निघाला. तो बाहेरूनच बसविलेला असल्याने गिअरबॉक्स उघडावाही लागला नाही. अर्थात प्रत्येक वेळी असे भाग्य नसते. गिअरबॉक्सच्या तळाशी चुंबक असते. त्यावर राखाडी बारीक लेप बसतो तो झिजेचाच, पण धातूचे तुकडे निघाले तर पैसा घालण्याआधी गाडीचे उर्वरित आयुष्य किती याचा हिशेब करावा.

जे अद्याप गाडी घेणार आहेत त्यांनी ती थंड असतानाच पाहावी. मालकाने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे.