शिबिर आणि प्रबंध
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरवप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने मी अमेरिकेत रसायनशास्त्राच्या उच्च अध्ययनासाठी गेलो. तेथे काय मिळविले हे सांगण्यापेक्षा काय गमावता गमावता वाचलो, ते सांगणे आपल्या ऋणाला अधिक शोभेल.

तेथील पुष्कळ विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या धार्मिक जीवनासाठी स्वतंत्र व्यवस्था असते. ख्रिस्ती धर्मोपदेशकांपासून तिचा आरंभ झाला. पुढे इतर धर्मीयांसाठीही ती विस्तारली. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००८ साली हिंदू विद्यार्थ्यांसाठी पूर्णवेळ मार्गदर्शक नेमला. या कार्याचे एक मुख्य अंग म्हणजे निवासी शिबिरे. शुक्रवारी सायंकाळी गावाबाहेर जावयाचे, रविवारी दुपारी परतावयाचे. मध्ये प्रार्थना, प्रवचन, लहान गटांतील मनमोकळे बोलणे आणि काही काळ मौन. माझ्या विद्यापीठातील हिंदू विद्यार्थ्यांची अशी शिबिरे चालविण्याचे काम दुसऱ्या वर्षी माझ्याकडे आले.

परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंतच वेतनाचे काम करता येते. सेवेच्या तासांना मात्र कोणताही कायदा मर्यादा घालीत नाही. ती आपली आपणच घालावी लागते. मी ती घातली नाही. शिबिर दोन दिवसांचे. पण जागा, गाड्या, शाकाहारी स्वयंपाक, वर्गणी, वक्ते यांच्या मागे सहा आठवडे गेले. शिबिर संपल्यावरही कोणी घरच्या आठवणीने व्याकूळ होऊन रात्री दार ठोठावी. त्याला परत कसे पाठवावे?

त्याच सत्रात माझी पात्रता-परीक्षा होती. स्वतःच्याच प्रबंधाच्या विषयातील एक साधी पायरी परीक्षकांनी विचारली आणि मी निरुत्तर झालो. सहा महिन्यांनी एकच संधी उरली. ती हुकली असती, तर डॉक्टरेटविना परतावे लागले असते. ज्या वडिलांनी शिष्यवृत्तीसाठी मंडळापुढे हात जोडले, त्यांना हे पत्राने कळविण्याचे धैर्य मला झाले नाही.

माझ्या मार्गदर्शकांनी दोष दिला नाही. मी नसलो तर शिबिर बंद पडेल काय, एवढेच त्यांनी विचारले. त्या प्रश्नाने माझी झोप उडविली. बंद पडू नये अशी माझी इच्छा होती. परंतु माझ्यावाचून ते चालूही नये, अशी दुसरी इच्छा तिच्यामागे दडलेली होती. तिला मी सेवा म्हणत होतो.

मग मी कामाचे पाच भाग करून ते पाच धाकट्या विद्यार्थ्यांकडे सोपविले व सारी माहिती एका वहीत लिहून दिली. सकाळी आठ ते बारा हा वेळ केवळ अभ्यासाचा ठरविला. पुढील शिबिरात भात कमी पडला, एक गाडी उशिरा आली. पण शिबिर पार पडले. मी एका कोपऱ्यात, प्रथमच, खरोखर मौन पाळून बसलो होतो. दुसऱ्या खेपेस परीक्षाही उत्तीर्ण झालो.

या शिबिरांच्या इतिहासातही हाच धडा आहे. कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट हा विद्यार्थी १८८६ साली माउंट हर्मन येथील विद्यार्थी-मेळाव्यास गेला. तेथे १०० तरुणांनी धर्मप्रचारास वाहून घेण्याचा संकल्प केला. त्यांत तोही होता. तरीही १८८८ साली पदवी घेऊन मगच त्याने पूर्णवेळ कार्य पत्करले. १८९५ साली जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाच्या स्थापनेत तो अग्रभागी होता, आणि १९४६ साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पालकांनो, मुलांना लोककार्यापासून परावृत्त करू नका. मात्र त्यांची सकाळ कोठे जाते, हे आस्थेने विचारीत जा. विद्यार्थीमित्रांनो, कार्य हाती घ्याल त्याच दिवशी ते पुढे कोणाच्या हाती द्यावयाचे, हेही ठरवा. आणि अपयश आले तर घरी कळवा. माझ्या वडिलांना ती हकीकत मी पुष्कळ उशिरा सांगितली, तेव्हा ते रागावले नाहीत. एकट्याने का सोसलेस, एवढेच म्हणाले.