लवंगेचें तेल : उपयोग आणि मर्यादा

रात्रीं दाढ ठणकूं लागते, दवाखाने बंद झालेले असतात, आणि घरांतील एखादें वडीलधारें माणूस लवंगेच्या तेलाची कुपी पुढें करतें. हा उपाय भाबडा नाहीं. मात्र तो कोठवर पोंचतो हें उमजलें पाहिजे.

लवंग म्हणजे न उमललेली फुलकळी. तिचें मूळ स्थान इंडोनेशियांतील मोलुक्का बेटें. वाळलेल्या कळ्यांतून वाफेच्या योगानें तेल काढतात. तें कळ्यांच्या वजनाच्या सुमारें १५ ते २० टक्के निघतें, आणि पाण्याहून जड असल्यामुळें त्याचा थेंब पाण्यांत तळाशीं जातो. त्यांतील मुख्य द्रव्य युजेनॉल. तें मज्जातंतूंस बधिर करतें व जंतूंची वाढ रोखतें. दंतवैद्य तात्पुरतें भरण्यासाठीं झिंक ऑक्साइड व युजेनॉल यांचा लगदा वापरतात. त्यांच्या खोलींत शिरतांच येणारा परिचित वास बहुधा त्याचाच असतो.

परंतु ठणका थांबला म्हणजे कीड थांबली असें नव्हे. गाल धरून बसलेले विद्यार्थी मीं तीस-पस्तीस वर्षें पाहिले. त्यांतील कित्येकांची दाढ घरच्या औषधानें महिनेच्या महिने नुसती गप्प ठेवलेली असे. आंत पोखरणें चालूच! गालास सूज किंवा अंगांत ताप असेल, तर कुपी बाजूस ठेवून त्याच दिवशीं दंतवैद्याकडे जावें.

तेल वापरावयाचें तें असें : चमचाभर खोबरेलांत एक-दोन थेंब मिसळावे, कापसाचा लहानसा बोळा त्यांत बुडवून पिळावा व तो दुखऱ्या दातावरच ठेवावा. निर्भेळ तेलानें हिरडी पोळते. केस वाढण्यापासून मधुमेहापर्यंत या तेलाचे जे गुण जाहिरातींत वर्णिलेले असतात, त्यांवर मी तरी विसंबणार नाहीं.

दात येणाऱ्या बाळाच्या हिरड्यांस हें तेल मुळींच चोळूं नये. एक-दोन चहाचे चमचे, म्हणजे ५ ते १० मिलिलिटर, तेल पोटांत गेल्यानें लहान मुलें बेशुद्ध पडल्याचीं व त्यांच्या यकृतास गंभीर इजा झाल्याचीं उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. तसें घडल्यास ओकारी काढविण्याच्या खटपटींत न पडतां कुपीसह तडक इस्पितळ गाठावें.

कुपी घरांत नसेल, तर मोठ्या माणसानें अख्खी लवंग दाढेखालीं धरावी. तिचा गुण सावकाश येतो, पण सकाळपर्यंत निभावतें.