सोनं मोजलं, माणसं मोजायची राहिली

(छत्रपती संभाजीनगर येथे वस्तीगटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



14 एप्रिल म्हटलं की आपल्यासमोर निळे झेंडे येतात, बाबासाहेबांची जयंती येते. यंदा त्या दिवशी मी कामानिमित्त मुंबईत होते. चैत्यभूमीला जाण्याआधी सकाळी भायखळ्याला, अग्निशमन दलाच्या मुख्यालयात गेले. तिथे एक स्मारक आहे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात 66 जवान मेले, त्यांचं. देशभर याच दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्याच आठवणीत.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं जहाज व्हिक्टोरिया गोदीला लागलं होतं. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, वर कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी. दारूगोळ्याशेजारी कापूस! चुलीजवळ रॉकेलचा डबा ठेवू नये हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण युद्धाच्या घाईत नियम बाजूला पडले. धोक्याचा लाल बावटासुद्धा जहाजावर नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब आले. चारनंतर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेजारची जहाजं, गोदामं, मांडवीकडची वस्ती जळाली. हजारो माणसं एका दिवसात बेघर झाली.

शत्रूचं विमान आलं नव्हतं, पण बॉम्ब युद्धाचेच होते. युद्ध रणांगणावरच होतं असं आपल्याला शाळेत शिकवतात. ते गोदीत येतं, चाळीत येतं, स्वयंपाकघरापर्यंत येतं.

स्मारकासमोर उभी असताना मला एकच प्रश्न पडला. 66 हा आकडा पक्का आहे. बाकीचे किती? कुठे सातशे-आठशे लिहिलेलं सापडतं, कुठे तेराशे. हमाल, गोदी कामगार, रस्त्याने जाणारे, घरात असलेल्या बायका, मुलं यांचा हिशेब नीट लागलेला नाही. सेन्सॉरमुळे मे महिना उजाडेपर्यंत वर्तमानपत्रांना नीट छापताही आलं नाही. आणि त्याच जहाजावर सोन्याच्या 124 विटा होत्या. त्यांची मात्र मोजदाद होती! गाळ काढताना त्यातल्या विटा 2011 सालापर्यंत सापडत होत्या.

जवानांचा मान कमी करण्यासाठी मी हे म्हणत नाही. ते आगीच्या तोंडाशी गेले, त्यांना सलामच. पण त्यांची नावं हजेरीपटावर होती, म्हणून ती राहिली. रोजंदारीवरच्या माणसाची हजेरी कोण ठेवतो? घरातल्या बाईची तर कुठेच नसते.

हे जुनं झालं असं समजू नका. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे आपल्या वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार मेले.

मागे एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा कामावर असताना गेला. ठेकेदार म्हणाला, “हा आमच्याकडे नव्हताच.” पगाराची चिठ्ठी नाही, ओळखपत्र नाही. लग्नाचाही कागद नाही, म्हणून ती बायको आहे हेसुद्धा सिद्ध करायचं! दहा महिने आम्ही खेटे घातले. शेवटी कामाला आली ती शेजारणीची वही. ती डबे पुरवायची. कुणाचा डबा, कुठल्या गेटवर, किती तारखेला, सगळं तिने लिहून ठेवलेलं. चौथी शिकलेली बाई, पण तिच्या वहीने ठेकेदाराला खोटं पाडलं.

हिरोशिमाच्या स्मारकात दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या ठेवल्या आहेत. दरवर्षी 6 ऑगस्टला त्यात आणखी नावं घालतात. अणुबॉम्बच्या झळा सोसलेलं जे माणूस वर्षभरात गेलं, त्याचं नाव. इतकी वर्षं झाली तरी त्यांनी वही मिटलेली नाही.

मग आपली वही कुठे आहे?

1944 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्यांच्या जयंतीच्या महिन्यात आपण एवढं तरी करू या. प्रत्येक गटाने एक वही घालावी. वस्तीतलं कोण कुठे कामाला जातं, ठेकेदार कोण, पाळी कुठली, घरी कोण कोण आहे. धुण्याभांड्याला जाणाऱ्या, बांधकामावरच्या, घरी बसून माल बनवणाऱ्या बायांची नावं आधी लिहा. ती नेहमी शेवटी येतात आणि मग पान संपतं.

स्मारकं माणूस मेल्यावर बांधतात, मैत्रिणींनो. नाव लिहायला तोवर थांबायचं कारण नाही. आज घरी गेल्यावर पहिलं पान लिहा, आणि त्यावर पहिलं नाव स्वतःचं लिहा.